पंगतीतलं भांडवल

वकीलसाहेबांनी आयुष्यात एकही कारखाना आतून पाहिला नाही, आणि तरी नव्या कारखान्यात पैसे घालायचे की नाही हे आमच्या मंडळात त्यांच्याच शब्दावर ठरायचं. वकिली त्यांनी सोडली होती. निदान ते तसं सांगत. कोर्टातले लोक म्हणत, पक्षकारांनीच यांना सोडलं. काही का असेना, काळा कोट मात्र त्यांनी सोडला नव्हता. संध्याकाळी ओट्यावर बसतानाही तो अंगात असायचा, खाली धोतर आणि पायात खडावा.

स्वदेशीचे दिवस होते. कोणी शाई काढत होतं, कोणी गुंड्या, कोणी काडेपेट्या. महाल आणि धंतोली या पेठांतल्या आठ-दहा घरांनी, त्यात पेन्शनर, मास्तर, एक डॉक्टर, मिळून एक मंडळ काढलं होतं. जमलेल्या पैशातून अशा देशी कंपन्यांचे भाग घ्यायचे, म्हणजे देशसेवाही होते आणि चार पैसेही सुटतात, असा हिशेब. कोणती कंपनी घेण्यासारखी आहे ते पाहून वकीलसाहेब अभिप्राय द्यायचे. मी मंडळाचा कारकून. त्यांनी फेऱ्या मारत सांगायचं आणि मी दौत-टाक घेऊन लिहायचं, एवढंच माझं काम.

अभिप्राय देण्याची त्यांची रीत अशी होती की आज कोणाला सांगितली तर मी बनवून सांगतो असं वाटेल. ते कंपनीच्या मालकाला जेवायला बोलवत. घरी, पंगतीला, पाटावर. समोर स्वतः बसत आणि तो कसा जेवतो ते पाहत. मी कोपऱ्यातल्या पानावर. जेवण झालं, विडा झाला, पाहुणा गेला, की त्यांचं बोलणं सुरू होई.

"वरण आणि भात एकदम संपला पाहिजे," ते म्हणत. "ज्याचं वरण उरलं त्याचा कच्चा माल पडून राहतो. ज्याचा भात उरला त्याचे मजूर बसून खातात. लिही."

मी लिहायचो. पहिल्या वर्षी मला हे फार खोल वाटायचं. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो, एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल.

गोळाभातावर तेल किती घेतलं यावरून माणूस कर्ज किती काढील ते त्यांना कळायचं. चटणी आधी चाटली तर घाईचा. मीठ मागून घेतलं तर भागीदारांशी भांडणार. पानावर शीतही न ठेवणारा सर्वांत उत्तम, कारण तो पैशाचीही नासाडी होऊ देणार नाही. "यंत्र काय, कोणीही विकत आणतो," ते म्हणत. "मी यंत्र पाहत नाही. मी माणूस पाहतो." हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की मंडळातले मास्तर ते स्वतःचं म्हणून शाळेत सांगत.

माणूस पाहण्याची ही दृष्टी त्यांना घराच्या मागच्या बाजूला मात्र लागू करता यायची नाही. मागच्या बोळातून सकाळी मैला न्यायला टोपली घेऊन एक बाई यायची. ती येण्याच्या वेळी वकीलसाहेब स्वतः एक पितळी घंटा वाजवत. घंटा झाली की घरातल्या सगळ्यांनी आत जायचं आणि मागचं दार लावायचं. ती बाई कशी दिसते हे त्या घरातल्या कोणाला ठाऊक नव्हतं. तिचं काम मात्र एक दिवस चुकलं तर वकीलसाहेब म्युनिसिपालटीला इंग्रजीत अर्ज लिहीत.

त्यांच्या पसंतीच्या कंपन्यांचं पुढे काय झालं, ते विचारू नये. एक साबणवाला आला होता. इतका सुरेख जेवला की काकू, म्हणजे वकीलसाहेबांची बायको, सुद्धा दारातून पाहत राहिल्या. चित्राहुती घातल्या त्या एका रेषेत. कढी प्यायला तर आवाज नाही. वरण आणि भाताचा शेवटचा घास एकच. वकीलसाहेबांनी त्याच दुपारी अभिप्राय दिला आणि मंडळाने भाग घेतले. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत कंपनी बुडाली, कारण त्या साबणाला फेसच येत नव्हता. नंतर कळलं की तो गृहस्थ तरुणपणी कुठल्याशा संस्थानात खाशांच्या पंगतीत वाढपी होता.

वकीलसाहेबांनी चूक कबूल केली, पण स्वतःची नाही. "त्या दिवशी कढी पातळ होती," ते म्हणाले. "घट्ट कढीत माणूस उघडा पडला असता."

काकू आत तांदूळ निवडत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "कढीला काहून बोलता? त्याच्या साबणानं एकदा हात तरी धुऊन पाहायचे होते."

त्या घरात कंपन्यांबद्दल बोललं गेलेलं एवढं एकच शहाणपणाचं वाक्य मला आठवतं. वकीलसाहेबांनी ते लिहून घ्यायला सांगितलं नाही.

तर अशा माणसाच्या ओट्यासमोर एका सकाळी तो मिस्त्री येऊन उभा राहिला. गिरणीत बरीच वर्षं फिटर होता. जातीने महार. ओट्याखाली, अंगणात, योग्य वाटेल तितक्या अंतरावर तो आपणहून थांबला, आणि कुठे थांबायचं हे त्याला सांगावं लागलं नाही म्हणून वकीलसाहेब खूश झाले. त्याला मंडळातल्या डॉक्टरांनी पाठवलं होतं. शहरातल्या घाणीचं काय करावं याचा विचार मंडळात ते एकटेच करत असत.

मिस्त्रीने नाग नदीच्या पलीकडे म्युनिसिपालटीकडून एक जागा मक्त्याने घेतली होती. तिथे शहराचा कचरा आणि मैल्याच्या गाड्या यायच्या. त्याने बॉयलरचा जुना पत्रा वाकवून एक मोठं आडवं पिंप बनवलं होतं, बैलाने फिरवायचं, अंगाला भोकं, आत दाते. इतवारी बाजारातला भुसा, पालापाचोळा, सडकी भाजी आणि मैला थरावर थर घालायचा, दिवसातून दोनदा फिरवायचा. काही आठवड्यांनी त्याचं कोरडं खत होई, आणि वास येत नसे. काटोलचे संत्रावाले ते गाड्यांनी नेऊ लागले होते. त्याने त्याची छोटीशी कंपनी नोंदवली होती आणि त्याला आणखी तीन पिंपं बनवायला भांडवल हवं होतं. दिवाळीपर्यंत पिंपं उभी राहिली नाहीत तर मक्ता जाणार होता. एक ठेकेदार टपून बसला होता. तो सगळं खड्ड्यात पुरणार, त्याला पिंपही नको आणि माणसंही नकोत. मिस्त्रीकडे कामाला बारा बाया होत्या.

हे सगळं त्याने अंगणात उभं राहून सांगितलं. बिस्किटाच्या एका स्वच्छ डब्यात खत आणलं होतं, तो डबा त्याने पायरीवर ठेवला आणि मागे सरला. वकीलसाहेबांनी जागेवरूनच चष्म्यातून त्याकडे पाहिलं. मी उचलून वास घेतला. नांगरलेल्या शेताचा वास होता, दुसरा काही नाही.

"ठेव खाली," वकीलसाहेब मला म्हणाले. मग मिस्त्रीला म्हणाले, "कळवतो."

त्यानंतर तीन दिवस ते अस्वस्थ होते. खताचा त्यांना प्रश्नच नव्हता. प्रश्न असा की या माणसाला पाटावर बसवणार कसं? आणि पाटावर बसवल्याशिवाय अभिप्राय देणार कसा? डॉक्टर रोज विचारणा करत होते. मी भीत भीत म्हणालो, "साहेब, आपण जाऊन ते पिंपच पाहिलं तर?"

"पिंप पाहून काय कळणार?" ते म्हणाले. "खत म्हणजे शेवटी घाण. चांगली घाण आणि वाईट घाण यात मी काय निवडू? मला माणूस पाहायचा आहे." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि तू काहून मध्ये बोलून राहिला?"

चौथ्या दिवशी त्यांना युक्ती सुचली. तिचा त्यांना किती आनंद झाला हे मी विसरू शकत नाही. माणूस पंगतीला येऊ शकत नाही ना, मग पंगत माणसाकडे जाईल. काकूंनी संपूर्ण स्वयंपाक करायचा, वरण, भात, कढी, चटणी, कोशिंबीर, पाटवडी, सगळा. तो पत्रावळीवर आणि द्रोणांत घालून टोपलीत ठेवायचा. भांड्यात नाही, कारण भांडं परत घ्यावं लागलं असतं. ती टोपली मी सायकलवरून न्यायची, मिस्त्रीसमोर मांडायची, तो जेवत असताना नीट पाहायचं, आणि परत येऊन, मागच्या विहिरीवर आंघोळ करून, त्यांना सांगायचं.

"काकू, हे बरोबर नाही," असं मी स्वयंपाकघराच्या दारात म्हणालो. साहेबांना म्हणालो नाही.

काकू द्रोणात कढी ओतत होत्या. "मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तू नेशील की नाही?"

मी नेली. नोकरी होती, आणि घरी आई होती. पण खरं कारण एवढं मोठं नव्हतं. नाही म्हणण्याची मला सवयच नव्हती.

नदी ओलांडून मी पोचलो तेव्हा दुपार होती. बैल फिरत होता, पिंप कुरकुरत होतं, बाया कचऱ्यातून काच आणि खापऱ्या निवडत होत्या. नाकाला रुमाल लावायचा म्हणून मी खिशात हात घातला होता, पण तशी वेळ आली नाही. मिस्त्रीने मला पाहिलं आणि बैल थांबवला.

"या बाबू. साहेब नाही आले?"

"नाही. त्यांनी हे पाठवलं आहे." मी टोपली खाली ठेवली आणि वरचं पान काढलं.

त्याने वाकून पाहिलं. "काय आहे?"

"जेवण. तुमच्यासाठी."

"अन् तुमी?"

"मी फक्त बसतो. तुम्ही जेवा."

"मी जेवतो अन् तुमी पाहता?"

मी मान हलवली. तो हसेल, चिडेल, काही तरी बोलेल असं वाटलं. तो कितीतरी वेळ त्या पत्रावळीकडे पाहत राहिला.

"लग्नसराईत इतवारीतून उष्ट्याची गाडी येते आमच्याकडं," तो म्हणाला. "हे उष्टं आहे का?"

"नाही हो. ताजं आहे. आत्ताच केलं."

"ताजं." त्याने टोपली उचलली. "बाबू, साहेबाले मशीन पाहाची आहे का माह्यं तोंड पाहाचं आहे?"

त्याने पिंपाचं झाकण उघडलं, वरण, भात, पाटवडी, द्रोण, पत्रावळ, सगळं आत ओतलं, झाकण लावलं आणि बैलाला हाक दिली. टोपली झटकून माझ्याकडे दिली. "मले राग नाही," तो म्हणाला, आणि राग होता. "आता आलेच आहे तर खरं काम पाहून जा."

मग त्याने मला दुसऱ्या टोकाचं झाकण उघडून दाखवलं. आत हात घालून मूठभर बाहेर काढलं. मला म्हणाला, "घाला हात." मी घातला. आत गरम होतं. हाताला लागलं ते भुसभुशीत, काळं, स्वच्छ. ही घाण आपल्या बोळातून गेलेली आहे हे मला कळत होतं, आणि तरी हात मागे घ्यावासा वाटत नव्हता. या माणसाने केवढं काम केलं आहे ते तिथे उभं राहिलं की कोणालाही कळलं असतं. शाळेत न गेलेल्यालाही कळलं असतं. त्यासाठी फक्त नदी ओलांडायला हवी होती.

परतताना मी ठरवलं की मिस्त्रीला हे भांडवल मिळालंच पाहिजे. विहिरीवर आंघोळ करतानाच वाक्य जुळवलं, आणि ओट्यावर येऊन म्हणालो, "साहेब, पानावर काहीच उरलं नाही. शीतसुद्धा नाही." खोटं नव्हतं. त्यांच्याच मापाने हा पहिल्या नंबराचा माणूस ठरत होता.

वकीलसाहेबांनी खडावा काढल्या. "शीतसुद्धा नाही?"

"नाही साहेब."

"हावरट," ते म्हणाले. "पाहिलं? भुकेला माणूस. याच्या हातात भांडवल दिलं की आधी खाऊन टाकील."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "साहेब, साबणवाल्याच्या वेळी आपण..."

"तो वेगळा. तो तृप्तीनं जेवला होता. हा हपापून."

माझं डोकं फिरलं. त्या घरात पहिल्यांदा माझा आवाज चढला. "साहेब, तो जेवलाच नाही! त्याने एक घास खाल्ला नाही. सगळं पान उचलून पिंपात टाकलं."

आत काकूंच्या बांगड्या वाजल्या, मग थांबल्या. मला वाटलं, आता तरी त्यांना आपली लाज वाटेल. त्यांनी खडावा परत पायात घातल्या आणि फेऱ्या सुरू केल्या.

"अन्न टाकलं," ते म्हणाले. "म्हणजे नासाडी करणारा. ज्याला अन्नाची किंमत नाही त्याला दुसऱ्याच्या पैशाची काय असणार? लिही."

माणूस खातो तर हावरट, खात नाही तर नासाडखोर. तो मधल्या कोणत्या तऱ्हेने जेवला असता तर चाललं असतं, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. असं जेवण नव्हतं. अभिप्राय त्या सकाळी अंगणातच झाला होता. बाकीचा स्वयंपाक काकूंना उगाच करावा लागला.

मी लिहिलं. दोन पानं, सुवाच्य अक्षरात. डॉक्टर मंडळाच्या बैठकीतून उठून गेले, बाकीच्यांनी माना डोलावल्या. दिवाळीनंतर ती जागा ठेकेदाराला मिळाली, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या खड्ड्यांचा वास महालापर्यंत आला, तेव्हा वकीलसाहेबांनी खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले आणि म्युनिसिपालटीला अर्ज लिहिला. तोही मीच लिहिला. ते वारले तेव्हा मंडळाने शोकसभा घेतली, आणि माणसाची पारख असलेला असा पुरुष पुन्हा होणे नाही असा ठराव झाला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. शोकसभेत कोणीच वाजवत नाही, म्हणून ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

पण हे सगळं पुढचं; अभिप्राय लिहून झाला तेव्हा त्याची नक्कल मिस्त्रीला पोचवायची होती. टपालाने गेली असती. मी म्हणालो, मी नेतो. का म्हणालो ते नीट सांगता येत नाही. बहुतेक मला त्याची माफी मागायची होती.

मला सायकलवरून येताना पाहून बाया उठून उभ्या राहिल्या. महालातल्या मोठ्या हाफिसातून कागद येणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्या कागदावर आपली रोजी आहे हेही. मिस्त्री पिंपाच्या दांड्याला वंगण लावत होता. त्याने दोन्ही हात वर करून दाखवले.

"माह्ये हात भरले आहे बाबू. तुमीच वाचा. बायाही ऐकतीन."

"नंतर वाचा तुम्ही, सवडीने," मी म्हणालो.

"वाचा ना. चांगलं असो का वाईट."

मी वाचलं. प्रवर्तकास अन्नाविषयी आदर नाही. वृत्ती उधळी. स्वभाव उद्दाम. वरिष्ठांनी कृपेने देऊ केलेल्या वस्तूचा स्वीकार करण्याची पात्रता नाही. यास्तव मंडळाने या कंपनीचे भाग घेऊ नयेत. वाचताना मी वर पाहिलं नाही. कागद संपला. मग त्या बायांतली एक म्हातारी, हातातली खापरी खाली टाकून, पुढे आली.

"झालं?" ती म्हणाली.

"झालं."

"अन् मशीनीचं काय लिवलं?"

"मशीनीचं काही नाही."

"खताचं?"

"तेही नाही."

तिला खरोखरच समजेना. ती माझ्यावर रागावली नव्हती, तिला फक्त जाणून घ्यायचं होतं. "मंग त्या दिवशी तुमी सायकल घेऊन इतक्या दूर काय पाहाले आलते गा?"

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. त्याने उत्तर दिलं असतं तर मी सुटलो असतो. त्याने दिलं नाही.

"हे जेवतात कसे ते पाहायला," मी म्हणालो.

आधी एक हसली, मग दुसरी, मग सगळ्या. म्हातारीने तोंडाला पदर लावला. त्या दिवशीची रोजी बुडायच्या आत त्यांना हातातलं काम उरकायचं होतं, म्हणून हसत हसतच त्या परत कचऱ्याकडे वळल्या. मिस्त्री मात्र हसला नाही. त्याने चिंधीने हात पुसले, माझ्या हातातून कागद घेतला, आणि ज्या दोन पानांत त्याचं पिंप कुठेच नव्हतं ती दोन पानं पहिल्या ओळीपासून स्वतः वाचायला लागला.